तिकीट मतदार देतात: अमेरिकेतल्या प्रायमरीत मत कसं द्यावं, आणि ते इतकं मोलाचं का झालं

महाराष्ट्रात उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो, याकडे अख्ख्या मतदारसंघाचे डोळे लागलेले असतात. फॉर्म पक्षाचा, सही पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाची, आणि त्या सहीवर चिन्ह. अमेरिकेत हा फॉर्मच नाही. डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार कोण, हे नोव्हेंबरच्या मतदानाआधी काही महिने होणारी एक वेगळी निवडणूक ठरवते. तिला प्रायमरी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती सरकारी यंत्रणा घेते, मतपत्रिका सरकार छापतं, मोजणी सरकारी देखरेखीखाली होते आणि कौल साधे मतदार देतात. निकाल पक्षाध्यक्षाला आवडला नाही तरी तो गिळावाच लागतो.

नव्याने नागरिक झालेली बरीच मंडळी नोव्हेंबरचं मत न चुकता देतात आणि प्रायमरीकडे दुर्लक्ष करतात. इथेच मोठं नुकसान होतं. अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाचे, म्हणजे प्रतिनिधीगृहाचे, ४३५ मतदारसंघ आहेत, आणि त्यातले बहुतेक एका पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. खरी लढत प्रायमरीत होते. २०१४ साली व्हर्जिनियात एरिक कँटर, म्हणजे प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते, स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट या प्राध्यापकाकडून हरले. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये जो क्राउली या मातब्बर डेमोक्रॅटला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी हरवलं. सात लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या मतदारसंघात एकूण मतं तीस हजारही पडली नव्हती. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार. २०२२ साली डेट्रॉइटच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीतल्या नऊ उमेदवारांमधून ते सुमारे २८ टक्के मतांवर पुढे आले. नोव्हेंबरची निवडणूक त्यानंतर सोपी होती. ज्याला प्रायमरीत मत द्यायचं राहिलं, त्याच्यासाठी आपला खासदार दुसऱ्यांनीच निवडला.

आधी पात्रता, आणि एक गंभीर इशारा

मतदार नोंदणी फक्त नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्ड असलं तरी नाही, एच-वन-बी असला तरी नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चूक घडते, आणि बहुतेक वेळा ती डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन परवाना कार्यालयाच्या, खिडकीवर घडते. १९९३ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे गाडीचा परवाना काढताना किंवा त्याचं नूतनीकरण करताना मतदार नोंदणीचाही प्रश्न विचारला जातो. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत असतात, माणूस घाईत ‘होय’ दाबतो आणि नागरिक असल्याचं खोटं विधान त्याच्या नावावर लागतं. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात थेट विचारलेलं असतं: तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, कधी मत दिलंत का? चुकून नोंदणी झाली असेल तर मत अजिबात देऊ नका. घरी मतपत्रिका पोस्टाने आली तरी देऊ नका, आणि अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. केंद्रीय निवडणुकीत अनागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे, आणि त्यातून हद्दपारीपर्यंत पाळी येऊ शकते.

नागरिकत्वाचा शपथविधी झाल्यावर नोंदणी करताना नाव पासपोर्ट आणि परवान्यावर आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायची आपली पद्धत अमेरिकी कागदपत्रांत कधी पूर्ण उतरते, कधी एका अक्षरावर येते, तर कधी आडनावाला चिकटते. दोन कागदांवर दोन रूपं झाली की मतदान केंद्रावर खोळंबा होतो. सहीचंही तसंच आहे. पोस्टाने मत देताना पाकिटावरची सही अनेक राज्यांत नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. सही मराठीत केली तरी चालते, पण मग दोन्हीकडे मराठीतच हवी. परवान्यावर इंग्रजी आणि पाकिटावर मराठी असं झालं तर पाकीट बाजूला पडतं. सही जुळत नसल्याचं पत्र आलं तर त्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. मत वाचवता येतं.

पक्ष सरकारी मतपत्रिकेवर आले कसे

पुढच्या पायऱ्या किचकट वाटतात, कारण त्यांच्यामागे दोनशे वर्षांची ओढाताण आहे. ती थोडी माहीत असली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

१७८७ च्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीच्या धोक्याबद्दल बजावलं होतं, पण तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळातून दोन गट उभे राहिले होते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या फेडरलिस्टांना बळकट केंद्र आणि राष्ट्रीय बँक हवी होती, तर जेफरसन आणि मॅडिसन यांच्या गटाला राज्यांचे अधिकार जपायचे होते. पक्ष नाहीत असं गृहीत धरून केलेली घटना १८०० च्या निवडणुकीतच अडली. जेफरसन आणि त्यांचेच सहउमेदवार ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ निर्वाचक मतं (अध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक संख्येने येणारी मतं) पडली, आणि प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं, तेव्हा जेफरसन अध्यक्ष झाले. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने अध्यक्ष आणि उपाध्यक्षांसाठी वेगळी मतं घ्यायला सुरुवात झाली. पक्ष असणार हे घटनेने अशा आडवळणाने मान्य केलं.

त्या काळात उमेदवार कोण ठरवायचं? काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, पक्षाचे सदस्य बंद खोलीत बसून. १८२४ साली ही पद्धत कोसळली. सर्वाधिक मतं अँड्र्यू जॅक्सन यांना मिळाली, कुणालाच बहुमत नव्हतं, आणि प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं. त्या रागातून मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्यासारख्या संघटकांनी गावोगावी बांधलेला पक्ष म्हणजे आजचा डेमोक्रॅटिक पक्ष. बंद खोलीच्या जागी अधिवेशनं आली. राष्ट्रीय अधिवेशन भरवून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याचा मान १८३१ साली बाल्टिमोरला अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षाने मिळवला, आणि पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटही त्याच शहरात जमले.

मतपत्रिका मात्र अजून सरकारची नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या सगळ्या उमेदवारांची नावं एका चिठ्ठीवर छापून वाटायचा. त्या चिठ्ठीला तिकीट म्हणत. मतदार ती घेऊन सगळ्यांसमोर पेटीत टाकायचा. चिठ्ठी रंगीत असे, त्यामुळे कोण कुणाला मत देतो हे दुरूनही कळायचं आणि मत विकत घेणं सोपं जायचं. न्यूयॉर्कमधल्या टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक संघटनेसारख्या यंत्रणा याच मातीत वाढल्या. निवडून आलो की नोकऱ्या आपल्या माणसांना, हा उघड रिवाज होता. १८८१ साली अध्यक्ष गारफील्ड यांची एका नाराज नोकरी-इच्छुकाने हत्या केली, आणि १८८३ च्या पेंडलटन कायद्याने गुणवत्तेवर नोकरभरती सुरू झाली.

कलाटणी मिळाली १८८८ साली. मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धतीची गुप्त मतपत्रिका स्वीकारली: छपाई सरकारची, सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर. काही वर्षांत बहुतेक राज्यं त्याच वाटेने गेली. आता सरकारच ‘रिपब्लिकन’ असं छापून पुढे एक नाव लिहिणार, तर ते नाव अधिकृत आहे हे कुणीतरी ठरवायला हवं. मग राज्यांनी पक्षांसाठी कायदे केले. पक्ष म्हणजे काय, किती मतं पडली की पक्षाला मतपत्रिकेवर आपोआप जागा, उमेदवार कसा निवडायचा, सगळं कायद्यात आलं. १९०३ साली विस्कॉन्सिनने रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने राज्यभर थेट प्रायमरीचा कायदा केला: उमेदवार अधिवेशनाने निवडायचा नाही, मतदारांनी निवडायचा. अमेरिकेतला पक्ष अर्धा खासगी संघटना आणि अर्धा सरकारी रकाना आहे, तो इथपासून. भारतात पक्षाचं सदस्यत्व पक्षाच्या कार्यालयात मिळतं. अमेरिकेत ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या, निवडणूक कार्यालयात, मतदार नोंदणीच्या फॉर्मवर एका चौकटीत मिळतं. वर्गणी नाही, शिफारस नाही, आणि पक्ष तुम्हाला सहसा काढूनही टाकू शकत नाही.

प्रायमरीचं वजन किती, हे दक्षिणेने सगळ्यात क्रूरपणे दाखवलं. तिथे अनेक दशकं डेमोक्रॅटच निवडून यायचे, त्यामुळे प्रायमरी हीच निवडणूक होती. टेक्सासने १९२३ साली कायदाच केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली तो रद्द केला, तेव्हा पक्षाने ‘आम्ही खासगी संस्था आहोत’ अशी पळवाट काढली. शेवटी ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात १९४४ साली न्यायालयाने निकाल दिला की प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे आणि वंशावरून कुणाला तिच्याबाहेर ठेवता येणार नाही. त्यांच्या बाजूने उभे असलेल्या वकिलांत थर्गुड मार्शल होते, जे पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले. आज लोक सहज सोडून देतात ते प्रायमरीचं मत माणसांनी वीस वर्षं कोर्टात झगडून मिळवलेलं आहे.

आपलं राज्य कोणत्या प्रकारचं, ते ओळखा

सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाची चौकट असते. बाकीच्या राज्यांत नसते. चौकट रिकामी सोडली की तुम्ही अपक्ष मतदार ठरता. नोव्हेंबरला त्याने काहीच बिघडत नाही. प्रायमरीत मात्र राज्यागणिक वेगळं घडतं.

न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात प्रायमरी बंद आहे. नोंदीवर जो पक्ष, त्याचीच मतपत्रिका मिळणार. अपक्षाला पक्षाची मतपत्रिका मिळतच नाही. इथे घोळ होतो तो तारखांचा. फ्लोरिडात पक्ष बदलायचा असेल तर प्रायमरीच्या २९ दिवस आधी, पेनसिल्व्हेनियात १५ दिवस आधी. या तिघांत न्यूयॉर्कचा नियम सगळ्यात कडक आहे: प्रायमरी जूनमध्ये असते, पण एका पक्षातून दुसऱ्यात जाण्याची मुदत १४ फेब्रुवारीला संपते. पूर्वी ती त्याहून आधी, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपायची. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनी ती मुदत चुकवली, आणि वडिलांसाठी न्यूयॉर्कच्या प्रायमरीत त्यांना मत देता आलं नाही. जूनमध्ये प्रचार तापल्यावर पक्ष आठवून उपयोग नाही. न्यूयॉर्कमध्ये राहत असाल तर जानेवारीतच आपली नोंद ऑनलाइन उघडून पाहा.

न्यू जर्सीत, म्हणजे एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांच्या राज्यात, नियम मधला आहे. नोंदीवर पक्ष नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो आणि लगेच मत देता येतं. त्यानंतर तो पक्ष नोंदीवर कायम राहतो. नोंदीवर आधीच एक पक्ष असेल आणि दुसऱ्यात मत द्यायचं असेल तर ५५ दिवस आधी अर्ज हवा. मॅसॅच्युसेट्समध्ये अपक्ष मतदार केंद्रावर कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो आणि नंतरही अपक्षच राहतो.

टेक्सास, व्हर्जिनिया, जॉर्जिया, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन इथे नोंदणीत पक्षच नाही. प्रायमरीच्या वेळी निवडायचा. टेक्सासमध्ये एक अट लक्षात ठेवा: कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं, आणि मार्चमध्ये एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं असेल तर या फेरीत दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. मार्चला मत दिलंच नसेल, तर फेरीसाठी दोन्ही दारं उघडी असतात.

कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात काँग्रेस आणि राज्याच्या बहुतेक पदांसाठी सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात, मग दोघे एकाच पक्षाचे का असेनात. पण अध्यक्षपदाच्या प्रायमरीला हा नियम लागत नाही. कॅलिफोर्नियात रिपब्लिकन मतपत्रिकेसाठी रिपब्लिकन म्हणूनच नोंद लागते. डेमोक्रॅटिक पक्षाने अपक्षांना वेगळी मतपत्रिका मागायची मुभा दिलेली आहे, पण ती मागावी लागते. पोस्टाने आपोआप येणाऱ्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचा भागच नसतो. वॉशिंग्टनमध्ये पाकिटावर पक्षाची खूण करून सही केली नाही तर अध्यक्षपदाचं मत मोजत नाहीत.

कॅलिफोर्नियातला आणखी एक सापळा. ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ नावाचा तिथे खराखुरा पक्ष आहे. १९६८ साली वर्णविभेदाचा पुरस्कार करणारे जॉर्ज वॉलेस त्याचे उमेदवार होते. आपण स्वतंत्र, कुठल्याच पक्षाचे नाही, असं सांगायच्या हेतूने हजारो लोकांनी ती चौकट भरली आणि नकळत त्या पक्षात गेले. तुम्हाला पक्ष नको असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ हीच चौकट भरा. दुसऱ्या राज्यातही ‘इंडिपेंडंट’ हा शब्द दिसला तर तो पक्षाचं नाव आहे का, हे आधी तपासा.

या सगळ्या तारखा विधिमंडळं बदलत असतात. आपल्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या किंवा राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर दर वर्षी एकदा पाहणं हाच खात्रीचा मार्ग. व्हॉट्सॲपवर फिरणारं तारखांचं चित्र गेल्या निवडणुकीचं असू शकतं.

नोंदीवर कोणता पक्ष आहे आणि कोणत्या प्रायमरीत मत दिलं, ही माहिती बहुतेक राज्यांत सार्वजनिक असते. प्रचारवाले ती यादी मिळवतात. दारावर माणसं येतात आणि फोन वाजतात ते त्यावरूनच. मत कुणाला दिलं, ते मात्र कुणालाच कळत नाही.

मतपत्रिका हातात आल्यावर

मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये ऑगस्टच्या प्रायमरीत दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात. राज्यपालासाठी या रकान्यातला आवडला, काँग्रेससाठी त्या रकान्यातला, असं केलं की पक्षीय भागातली सगळी मतं बाद होतात. एकाच रकान्यात राहायचं. नोव्हेंबरला मात्र रकाने बदलायला पूर्ण मोकळीक असते.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरला वर एक खूण केली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. ही खूण करून थांबलात तर न्यायाधीश आणि इतर बिनपक्षीय पदं, तसंच खालचे प्रस्ताव कोरे राहतात. कागद उलटून मागची बाजू पाहा.

न्यूयॉर्कमध्ये एकच उमेदवार दोन-तीन पक्षांच्या ओळीत दिसतो, उदाहरणार्थ डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज. त्या सगळ्या मतांची बेरीज होते, त्यामुळे कुठल्याही एका ओळीत खूण करा. दोन ओळींत केली तरी मत दोनदा मोजलं जात नाही. लहान पक्षाच्या ओळीत मत दिलं तर त्या पक्षाचं मतपत्रिकेवरचं स्थान टिकायला मदत होते, हा त्यातला हिशेब.

न्यू जर्सीत बरीच वर्षं काउंटीच्या पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार एका ठळक रांगेत छापायची रीत होती. तिला नुसतं ‘लाईन’ म्हणत. आपल्या एबी फॉर्मच्या सगळ्यात जवळ जाणारी अमेरिकी गोष्ट हीच. २०२४ साली सिनेटची उमेदवारी मागणाऱ्या अँडी किम यांच्या दाव्यावर केंद्रीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली आणि नंतर कायदाही बदलला. आता नावं पदानुसार मांडलेली असतात. रांगेवर भरवसा ठेवून मत द्यायची सवय असेल तर आता नावं वाचावी लागतील.

बंडखोरीबद्दल विचारणारे नेहमी भेटतात. तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभं राहणं महाराष्ट्रात नेहमीचं आहे; अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या वाटेने यायला कायद्याने मनाई आहे. कनेक्टिकटमध्ये अशी मनाई नसल्याने डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन २००६ साली प्रायमरी हरूनही अपक्ष म्हणून सिनेटवर गेले. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांनी २०१० साली वेगळीच वाट काढली: मतपत्रिकेवर नाव नव्हतं, तर मतदारांना कोऱ्या जागेत आपलं नाव लिहायला सांगितलं आणि त्या जिंकल्या.

नाव तेच, पक्ष वेगळा

पक्षाची चौकट भरताना आजोबांच्या काळातल्या प्रतिमेवर जाऊ नका. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याविरुद्ध रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि सहा वर्षांत लिंकन यांना अध्यक्ष करून बसला. चौरंगी लढतीत त्यांना जेमतेम ४० टक्के मतं होती. त्या वेळी दक्षिण डेमोक्रॅटिक होती. १९३२ नंतर रूझवेल्ट यांनी कामगार, शहरी स्थलांतरित, उत्तरेतले कृष्णवर्णीय आणि दक्षिणेतले गोरे यांची एकत्र मोट बांधली. ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सुटली. साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड त्याच वर्षी डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झाले, आणि पुढच्या तीन दशकांत दक्षिणेतले गोरे मतदार त्याच वाटेने गेले. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट हे रंगसुद्धा २००० सालच्या निवडणुकीपासून पक्के झाले आहेत.

तिसरा पक्ष का टिकत नाही, याचं उत्तर मोजणीत आहे. प्रत्येक जागेवर एकच विजयी, आणि ४८ राज्यांत सगळी निर्वाचक मतं पहिल्याला. रॉस पेरो यांना १९९२ साली देशभरात जवळपास १९ टक्के मतं मिळाली, निर्वाचक मत एकही नाही. २००० साली फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला, तिथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. म्हणून तिथली नवी चळवळ वेगळा पक्ष काढत बसत नाही, जुन्या पक्षाच्या प्रायमरीत उतरते. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष असूनही डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले ते याचसाठी.

अध्यक्षपदाची प्रायमरी वेगळी का

इथे मत थेट उमेदवाराला जात नाही, त्याच्या अधिवेशन-प्रतिनिधींना (डेलिगेट) जातं, आणि ते उन्हाळ्यात राष्ट्रीय अधिवेशनात मत देतात. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली, शिकागोत अधिवेशनाबाहेर पोलिसांचा लाठीमार देशाने टीव्हीवर पाहिला, आणि त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलून घेतले. १९७२ पासून प्रायमरीच निर्णायक झाली. डेमोक्रॅट आपले प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतात, पण किमान १५ टक्के मतं लागतात. रिपब्लिकनांत अनेक राज्यं जिंकणाऱ्याला सगळे देतात. म्हणून उशिरा प्रायमरी होणाऱ्या राज्यात तुमची पाळी येईपर्यंत लढत संपलेली असू शकते. तरी मतपत्रिका टाकून देऊ नका. काही राज्यांत त्याच कागदावर खालची, अटीतटीची पदं असतात.

निवडून आल्यावर पक्ष किती बांधतो

भारतात १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत व्हिप नावाचा नेता असतो, पण तो मतं मोजतो आणि मनधरणी करतो. शिक्षा म्हणून जागा काढून घेऊ शकत नाही. जॉन मॅकेन यांनी जुलै २०१७ मध्ये अंगठा खाली करून स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पाडलं आणि ते सिनेटर राहिले. मे २००१ मध्ये व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला, तेव्हा ५०-५० असलेल्या सिनेटचा ताबाच डेमोक्रॅटांकडे गेला. सगळ्या समित्यांचे अध्यक्ष बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आठ रिपब्लिकनांनी विरोधकांबरोबर मत देऊन आपलेच सभापती केव्हिन मॅकार्थी यांना खाली उतरवलं.

पक्षाची खरी ताकद बहुमतात दिसते. प्रतिनिधीगृहात २१८ चा आकडा ज्याचा, त्याचे सभापती, त्याच्या समित्या, आणि कोणतं विधेयक चर्चेला येणार याचा निर्णयही त्याचा. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला शंभरपैकी ६० मतं लागतात, म्हणून ५३ जागा असलेला पक्षही अडतो. तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करून काही सांगायचं असेल तर आधी पाहा की तो संबंधित समितीत आहे का. समितीत असेल तर विधेयक मतदानाला येण्याआधी फोन करा. नंतर केलेल्या फोनचा हिशेब पुढच्या प्रायमरीत होतो, आणि सदस्य त्याच प्रायमरीला पक्षनेत्यापेक्षा जास्त घाबरतात.

पैसे देताना, आणि आत शिरताना

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. व्हिसावर असलेले देऊ शकत नाहीत, पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करू शकतात. २०२५-२६ साठी केंद्रीय निवडणुकीतल्या एका उमेदवाराला एका व्यक्तीची मर्यादा ३,५०० डॉलर आहे, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगळे धरून. पैसे स्वतःच्या खात्यातून द्या. मित्राला रोख देऊन त्याच्या नावाने देणं, किंवा मालकाने नोकराच्या देणगीची भरपाई करणं, हा गुन्हा आहे. कंपनीच्या चेकने केंद्रीय उमेदवाराला द्यायला १९०७ पासून बंदी आहे, त्यामुळे स्वतःचं दुकान किंवा दवाखाना असणाऱ्यांनी हॉलमध्ये चेकबुक काढताना कोणतं ते पाहावं. २०० डॉलरच्या वर गेलं की नाव, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण जाहीर होतं.

संघटनेत शिरायचं तर सगळ्यात खालची पायरी म्हणजे काउंटी समिती. न्यू जर्सीत जूनच्या आणि पेनसिल्व्हेनियात मेच्या प्रायमरीत हे सदस्य मतपत्रिकेवरूनच निवडले जातात, एकेका छोट्या मतदान विभागातून. कित्येक जागांवर उमेदवारच नसतो, आणि कोऱ्या जागेत लिहिलेल्या मोजक्या मतांवर माणूस निवडून येतो. स्थानिक निवडणूक कार्यालयातून आपल्या विभागाचा क्रमांक आणि अर्ज घ्या, त्यावर लागणाऱ्या सह्यांचा आकडा विचारा आणि त्याच्या दीडपट सह्या गोळा करा, कारण पत्ता किंवा पक्ष न जुळल्याने काही बाद होतातच. सही करणारा त्याच विभागातला आणि त्याच पक्षाचा नोंदलेला मतदार हवा. प्रायमरीनंतर ही समिती भरते आणि काउंटीचा पक्षाध्यक्ष निवडते. त्या बैठकीची तारीख निवडून आल्याचं प्रमाणपत्र घेताना विचारून ठेवा.